बुटांच्या खोक्याचं झाकण

मंगळवार, ४ मार्च

बयो,

सगळ्यात आधी उगवला तो टोपीवाला, आणि तोही सांगितलेल्या वेळेच्या पाऊण तास आधी. मी न्हाणीघरात, डोक्याला साबण. टोपीवाला तुला माहीत असायचं कारण नाही, तो तू गेल्यानंतरचा. बँकेतून निवृत्त झालाय, टक्कल झाकायला टोपी घालतो, आणि टोपी उडू नये म्हणून गाडी गोगलगायीसारखी चालवतो. निळी जुनी गाडी आहे त्याची, आपल्या गाडीपेक्षा दोन वर्षांनी लहान. हे वय तो असं सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, आता मुंज की लग्न.

मागोमाग आला दातांचा डॉक्टर. चाळिशीचाही नसेल, पण जुन्या गाड्यांचं वेड म्हाताऱ्यांना लाजवणारं. येताना दवाखान्यातली पिशवी घेऊन आला. दात बघायचा तो दांडीचा आरसा असतो ना, तो इंजिनात घालून बघतो! मी न राहवून विचारलं, "डॉक्टर, हीच हत्यारं उद्या माणसांच्या तोंडात घालता की काय?" तर म्हणतो, "नाही हो काकू, ही निवृत्त झालेली हत्यारं. काकांसारखी. घरी बसवत नाही म्हणून इकडे आणतो." तुझे बाबा हसले. किती दिवसांनी हसले ते मी सांगत बसत नाही.

शेजारच्या शिंपीणबाई लगेच सुई-दोरा मागायला आल्या. शिंपीण, आणि माझ्याकडे सुई-दोरा! कोण आलंय ते बघायचं होतं, दुसरं काय. म्हणून तर हे पत्र. महिन्यातून एकदा तू त्यांच्या फोनवर दोन मिनिटं बोलतेस, तेव्हा त्या हातातली कात्री थांबवून ऐकत असतात. आणि आपल्या घरातला एकुलता एक फोन तुझ्या बाबांच्या खिशात. तर काय बोलणार आणि कशी? चौथी झालेल्या बाईचं अक्षर आहे, सांभाळून घे.

आता मुख्य गोष्ट. ही मंडळी आली ती गाडी बघायला. तुझे बाबा गाडी देऊन टाकतायत.

टोपीवाल्याला घ्यायची आहे. चालू झाली तर चालवेल, नाही झाली तर सुटे भाग निळीला लावेल. तुझे बाबा म्हणाले, "न्या. आता माझ्यानं पाना धरवत नाही." खरं आहे ते. वर्षभर हात थरथरतायत. चहाची बशी वाजते. शर्टाची बटणं रोज सकाळी मी लावते, आणि ते भिंतीकडे बघत उभे राहतात, फोटो काढायला उभं केल्यासारखे.

गाडीवरचा कपडा नऊ वर्षांनी निघाला. केवढी धूळ! पण खाली तो हस्तिदंती रंग जसाच्या तसा. मला अगदी ती कोंबड्यांच्या खुराड्यातून आणली तो दिवस आठवला. निवृत्तीनंतरचा पहिलाच महिना. छापखान्यातली यंत्रं चाळीस वर्षं दुरुस्त केलेला माणूस, म्हटलं आता घरी बसून माझ्याशी जरा बोलेल. तर यांनी हे धूड घरी आणलं. मागच्या सीटवर चार अंडी, आणि एक कोंबडी उतरायला तयार नाही. तू पोट धरून हसलीस. मी त्या दिवसापासून गाडीला सवत म्हणायला लागले.

डॉक्टरनं हवा भरायच्या पंपाची नळी इंजिनात लावली आणि विचारलं, "हवा कुठून निसटतेय ते ऐकायचंय. कान कोणाचा चांगला?" टोपीवाल्याच्या कानावर टोपी, तुझ्या बाबांचे कान छापखान्यानं खाल्लेले. मग मीच गुडघे टेकले आणि सायलेन्सरच्या तोंडाला कान लावला. आत सूंऽऽ, कुकरच्या शिट्टीआधी येतो तसा आवाज. मग पुढे येऊन इंजिन हवा ओढतं त्या तोंडाशी ऐकलं. तिथेही सूंऽऽ. डॉक्टर नळी एकामागून एक चारही सिलिंडरला लावत गेला, प्रत्येक वेळी तेच.

"चारही?" डॉक्टर म्हणाला.

"चारही," मी म्हटलं.

झाकण उघडून बघितल्याशिवाय काही ठरत नाही म्हणे. रविवारी परत येणार आहेत.

गुडघे दुखतायत. त्या मैदानावरच्या दिवसाबद्दल मी काही लिहीत नाही, तूही वाचू नको. नातीचा दात पडला का गं? कोणता? फोनवर "पडला" एवढंच म्हणालीस आणि ठेवलास. मी आपली आठ दिवस वरचा की खालचा याच विचारात.

तुझी आई


सोमवार, १० मार्च

बयो,

काल आले. यावेळी डॉक्टर आधी, टोपीवाला नंतर. निळी वाटेत रुसली होती. "चढावर श्वास लागतो तिला," म्हणाला. मी म्हटलं, "मालकावर गेलीय." त्यानं मनाला लावून घेतलं नाही, चहा मात्र दोनदा घेतला.

गाडीच्या खोलीत मला सहसा बोलावत नाहीत. पण यांना पाने हातात द्यायला कोणीतरी हवं होतं. पूर्वी ते तू करायचीस. मला कोणता किती नंबरचा ते कळत नाही. "त्याहून लहान, त्याहून लहान" करत त्यांनी माझ्याकडून सगळी पेटी उपसून घेतली. एकदा तोंडातून गेलं त्यांच्या, "मिस्त्री, तो बारा नंबरचा..." आणि मग स्वतःच पेटीत वाकून शोधायला लागले. तुला मिस्त्री म्हणायचे ते. नऊ वर्षांत तो शब्द मी या घरात ऐकला नव्हता.

इंजिनाचं झाकण निघालं, म्हणजे ते जड लोखंडी, ज्यात हवा आत-बाहेर सोडणारे ते आठ व्हॉल्व्ह असतात. आठही काढले आणि जिथला होता तिथे ओळीनं ठेवले. डॉक्टरनं कपाळावरचा दिवा लावला, डोळ्याला भिंग लावलं, आणि एकेक व्हॉल्व्ह हातात घेऊन फिरवायला लागला. बराच वेळ. खोलीत नुसता टोपीवाल्याचा चहा पिण्याचा आवाज.

मग म्हणाला, "काका, हे घासले कोणी?"

तुझे बाबा म्हणाले, "का?"

"असलं काम मी पाहिलं नाही. प्रत्येकावर करडी वर्तुळं बघा, कंगोरा नाही, ओरखडा नाही. हात सोन्याचा आहे. फक्त..." आणि त्यानं एक व्हॉल्व्ह खाचेत ठेवून दाखवला. "फक्त यातला एकही आपल्या जागेवर नाही. याचं झाकण त्याच्या बरणीला, त्याचं याच्या. दिसायला बसतं, पण हवा निसटते."

हे मलाही कळलं. बरण्यांचं मला कळतं.

तुझे बाबा म्हणाले, "पोरीनं घोळ घातला. शेवटी घाई केली."

डॉक्टरनं भिंग काढलं. "ज्या हातानं इतकं सावकाश घासलं, तो हात क्रम कसा चुकवेल, काका?"

टोपीवाला म्हणाला, असू दे, नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट, आता खाचा नव्यानं घासल्या की झालं. मी कप उचलले आणि आत आले. कप धुतले, पुसले, आणि मग परत धुतले.

तू मला काही विचारू नकोस.


गुरुवार, १३ मार्च

बयो,

हे पत्र मी टाकणार नाही. पिठाच्या डब्याखाली ठेवणार आहे. पण लिहिते, कारण लिहिल्याशिवाय हात थांबत नाही.

तुला सगळं माहीत आहे, हे मला माहीत आहे. तरी आजवर आपण दोघींनी शब्द काढला नाही. मी सांगते, तू ऐक.

मैदानावरच्या रविवारआधीचा तो गुरुवार. तू पहाटेपर्यंत बसून आठही व्हॉल्व्ह घासलेस आणि बुटांच्या खोक्याच्या झाकणाला आठ भोकं पाडून त्यात ओळीनं खोचून ठेवलेस. खाली पेन्सिलीनं एक ते आठ. गाडीच्या खोलीत धूळ म्हणून माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. आणि मला म्हणालीस, "आई, याला हात लावू नकोस हं. प्रत्येकाची जागा ठरलेली आहे." मग झोपायला गेलीस.

दुपारी माझी बहीण येणार होती. टेबलावर ते तेलकट पुठ्ठ्याचं ध्यान, खाली काळा डाग पसरत चाललेला. मी आठही काढले, साबणाच्या गरम पाण्यात घातले, चकचकीत केले, गंजू नयेत म्हणून तेलाचं बोट लावलं. इतके सुरेख दिसत होते! जुनं झाकण मी चुलीत घातलं, बयो. नवं झाकण घेतलं, तशीच आठ भोकं पाडली. लहान, मग दोन मोठे, दोन लहान, दोन मोठे, मग लहान, ही ओळ माझ्या बरोबर लक्षात होती, लोकरीच्या टाक्यांसारखी. आकडे काढले. आकडे माझे मोत्यासारखे, मास्तर म्हणायचे. पण पाण्यातून काढल्यावर चारही मोठे सारखे आणि चारही लहान सारखे. कोणता कुठला, मला काय माहीत. मी म्हटलं, एका घाटाचे आहेत, कुठेही बसतील.

संध्याकाळी तू उठलीस. झाकण बघून म्हणालीस, "आई, खोकं बदललंस?" मी म्हटलं, "जुनं भिजलं होतं. एकेक उचलून जसाच्या तसा ठेवलाय." तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "नक्की?" मी म्हटलं, "आईवर विश्वास नाही का?"

बघ. तेवढंच पुरे होतं तुला. तू बसवलेस.

आता मी माझ्याच तोंडाला चिखल फासतेय तर पुरता फासू दे. नुसतं टेबल स्वच्छ करायचं नव्हतं मला. तुम्ही दोघं पाच वर्षं त्या खोलीत हसत होतात. मी जेवण झाकून बसायचे, हाक मारायचे, आतून "आलोच", आणि मग पाऊण तास. निवृत्त झाल्यावर हा माणूस माझा होईल असं वाटलं होतं. तो सवतीचा झाला, आणि माझी लेकही तिनंच पळवली. वाटलं, त्यांच्या कामात एकदा माझाही हात लागू दे. मीही काहीतरी नीट केलेलं बघू दे त्यांना. हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं मलाही धड माहीत नाही. तू हात लावू नकोस म्हणालीस, आणि माझा हात तिकडेच गेला, एवढं खरं.

शनिवारी रात्री इंजिन चालू झालं तेव्हा ते खोकत होतं. तुझे बाबा म्हणाले, "नवं काम आहे, चालवल्यावर बसेल." रविवारी त्या मैदानावर सगळ्या जुन्या गाड्या ओळीनं, छापखान्यातली त्यांची माणसं आलेली, तू नवा निळा शर्ट घालून स्टिअरिंगवर. आणि चढावर फट्‌ आवाज झाला आणि सवत मेली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. कोणीतरी हसलं.

तुझे बाबा उतरले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "बाईच्या हातात पाना दिला की हे असं होतं."

ज्या माणसानं तुझ्या हातात पाना दिला, त्यानंच.

तू त्यांच्याकडे पाहिलंच नाहीस. माझ्याकडे पाहिलंस. एकदाच. थांबलीस. मी बोलावं म्हणून थांबलीस, कळत होतं मला. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "मी तर केव्हाची सांगतेय, पोरीच्या जातीला हे झेपायचं नाही."

एवढं बोलून मी पदरानं तोंड पुसलं, जसं काही खाल्लंय.

तू चावी बॉनेटवर ठेवलीस आणि चालत निघून गेलीस. मला वाटलं होतं, चिडलीय, जेवायला येईल. तू पत्ता दुसऱ्या गावाचा केलास, लग्न केलंस ते पोस्टकार्डानं कळलं, पोर झाली ते शिंपीणबाईंच्या फोनवर. बाबांना तू एक शब्द सांगितला नाहीस. माझं झाकण तू झाकून ठेवलंस, आणि माझ्याशी बोलणं दोन मिनिटांवर आणलंस. त्यात शिक्षाही होती आणि मायाही होती. मी माया तेवढी घेतली आणि शिक्षा बघितलीच नाही.

आता तू कुठल्यातरी ऑफिसात बसून कागद तपासतेस म्हणे. त्या हातानं. डॉक्टर म्हणाला ते सोन्याच्या हातांचं. तेव्हापासून जेवण जात नाही मला.

गाडी शनिवारी ओढून नेणार होते. टोपीवाल्याच्या घरात कोणाचंतरी लग्न निघालंय, म्हणून आठवडाभर पुढे गेलंय. म्हणजे माझ्याकडे आठ-दहा दिवस आहेत. गाडी गेली की ही गोष्ट गाडीबरोबर जाईल. मग मी सांगितलं काय, न सांगितलं काय, त्यांच्या लेखी पोरीनं घोळ घातला तो घातलाच. तसेच मरतील ते, आणि मीही.

एवढं कळतं गं. पण तोंड उघडत नाही. तोंड उघडायची सवय आहे ती फक्त शेजारणीच्या बाबतीत.


बुधवार, १९ मार्च

बयो,

सांगितलं.

कसं सांगितलं ते सांगते. रोज ठरवायचे आणि रोज काहीतरी निघायचं. शुक्रवारी नळ गळत होता. शनिवारी शिंपीणबाईंची सून रुसून माहेरी गेली, ते ऐकण्यात दिवस गेला. पोरगी गुणी आहे, बाईच खाष्ट. रविवारी माझंच डोकं दुखलं. सोमवारी सकाळी शर्टाची बटणं लावत होते. ते भिंतीकडे बघत उभे. मनात आलं, बटणं लावून होईपर्यंत हा माणूस कुठे जाऊ शकत नाही. आणि मी पण.

पहिलं लावलं. दुसरं लावलं. तिसऱ्याला म्हटलं, "अहो, ते व्हॉल्व्ह मी मिसळले होते. पोरीनं नाही."

मी सगळं सांगितलं. साबण, नवं झाकण, माझे आकडे, "जसाच्या तसा ठेवलाय" म्हटलेलं, मैदानावर म्हटलेलं. माझा हात तिसऱ्या बटणावरच. बटण एव्हाना तुटायला आलेलं.

बोलून झाल्यावर मी वाट बघितली. आता ओरडतील, आता हात झटकतील.

ते म्हणाले, "पुढचं लाव."

मी चौथं लावलं, पाचवं लावलं. ते गाडीच्या खोलीत गेले आणि आतून कडी घातली.

दोन दिवस झाले. जेवायला येतात, जेवतात, जातात. मीठ लागलं तर बोटानं दाखवतात. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडण्याला उत्तर देता येतं मला, त्यात मी तरबेज आहे. हे मुकं काही मला जमत नाही. काल दारातून बघितलं तर खुर्ची टाकून गाडीसमोर बसलेले, आणि हातात तो एक व्हॉल्व्ह. थरथर होत होती, म्हणून व्हॉल्व्ह खुर्चीच्या दांडीवर टकटक वाजत होता.

आज दुपारी मला म्हणाले, "तू चुलीत घातलंस ते झाकण. त्याच्यावरचे आकडे तिनं कसे काढले होते?"

मी म्हटलं, "पेन्सिलीनं."

"चार कसा काढायची ती?"

मी म्हटलं, "मला नाही आठवत हो."

"मला आठवतो," म्हणाले. "खालची गाठ उघडी राहायची तिच्या चाराची. नव्या झाकणावर ती गाठ नीट मिटलेली होती. मी ते झाकण हातात धरलं होतं गं. चार बघितला होता. आणि तरी मैदानावर तसं म्हणालो."

मग परत आत गेले. यावेळी कडी घातली नाही.


मंगळवार, २५ मार्च

बयो,

तेराचं आणि एकोणीसचं पत्र याच पाकिटात घालतेय. त्यांना सांगितल्याशिवाय तुला कुठल्या तोंडानं पाठवू, म्हणून ठेवली होती. पिठाचा वास येईल, झटकून घे.

बुधवारी संध्याकाळीच टोपीवाल्याला फोन केला त्यांनी. मी कान देऊन ऐकत होते, शिंपीणबाईंना नावं ठेवणारी मी. म्हणाले, "गाडी द्यायची नाही. आधी चालू करायची आहे." पलीकडून तो बराच वेळ बोलला असावा, कारण हे मध्येच म्हणाले, "तुमच्या निळीला सुटे भाग बाजारातून आणा."

गुरुवारी सकाळी बटणं लावून झाल्यावर म्हणाले, "चल."

"कुठे?"

"घासायला. माझ्या हातानं होणार नाही. तुझ्या हातानं बिघडलंय, तुझ्याच हातानं होऊ दे."

म्हणजे बघ, पंचाहत्तरीला टेकलेला माणूस आणि मी सत्तरीची. त्या लाकडी काठीच्या टोकाला रबराची वाटी, ती व्हॉल्व्हच्या डोक्यावर चिकटवायची, खाली ती कणीदार पेस्ट लावायची, आणि काठी दोन तळव्यांत धरून थंडीत हात चोळतो तशी फिरवायची. हेच तू पहाटेपर्यंत करत बसली होतीस. मला पहिल्याच दिवशी फोड आला. फोड दाखवला तर म्हणाले, "तिला चार आले होते. तिनं दाखवले नव्हते."

बोचलं. पण बोलतायत तरी.

आधी आवाज येतो खरर खरर, वाळूवरून चप्पल घासावी तसा. तळवे दुखेपर्यंत फिरवलं की मग तो हळूहळू मऊ होतो, मग सूं. तो आला की थांबायचं. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून मी सांगायचं. मग ते भिंग लावून बघतात आणि म्हणतात, "अजून." पहिल्या व्हॉल्व्हला त्यांनी मला अकरा वेळा "अजून" म्हटलं. संसारात इतक्या वेळा माझ्या हातचं काही मागून घेतलं नव्हतं त्यांनी.

दिवसाला एक होतो, एखाद्या दिवशी दीड. प्रत्येक झाला की त्याच खाचेत, लगेच, उचलायचा नाही. आता मलाही कळतं जागा ठरलेली म्हणजे काय. काल शिंपीणबाई डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, या वयात सवतीची सेवा?" मी म्हटलं, "सवत नाही हो, लेकीचं राहिलेलं काम आहे." मग माझा मलाच हुंदका आला, तर त्यांनी चक्क निघून जायचं शहाणपण केलं. पहिल्यांदाच.

आज सहावा झाला. मी सातव्याला पेस्ट लावायला घेतली तर त्यांनी हात धरला. "राहू दे. दोन राहू दे."

"का?"

ते उठून गेले. दुपारभर करवत घेऊन बसले होते. मला जवळ येऊ दिलं नाही. करवत थरथरत होती, जीव टांगणीला माझा, बोट जातंय की काय. शेवटी कानशीनं घासून गुळगुळीत करून माझ्यासमोर ठेवलं. तीच ती घासायची काठी, पण एवढीशी. रबराची वाटी नवी.

मी म्हटलं, "ही कोणाच्या हातासाठी?"

ते भिंतीकडे बघत म्हणाले, "मिस्त्रीच्या पोरीचा तळहात केवढा असेल गं?"

बयो, मला सांगता आलं नाही. आजी आहे मी तिची, आणि मला माहीत नाही. मी हवेत असं दाखवलं, एवढा असेल, मग जरा मोठा केला, मग परत लहान केला. ते बघत होते. म्हणाले, "माहीत नाही म्हण ना."

"माहीत नाही," मी म्हटलं.

त्यांनी माफी मागितलेली नाही, आणि मागणार नाहीत. त्यांना ती येत नाही. त्यांच्या वतीनं मी मागितली तर ती खोटी ठरेल. मी माझी मागते. ती नऊ वर्षांनी मागतेय, हेही मला कळतं, आणि तू नाही दिलीस तरी तुझं काही चुकलं असं मी कोणाला सांगणार नाही. शिंपीणबाईंनाही नाही.

फक्त एक कर. येणं होणार नसेल तर नातीचा हात कागदावर ठेव, बोटं पसरून, भोवतीनं पेन्सिल फिरव आणि तो कागद पाठवून दे. काठी जाड वाटली तर ते आणखी घासतील म्हणाले. आणि दात वरचा की खालचा तेही लिही.

दोन व्हॉल्व्ह तसेच आहेत. कोरडा कपडा घालून ठेवलेत, आणि मी त्या टेबलाच्या आसपासही फिरकत नाही.

डॉक्टर आणि टोपीवाला झाकण बसवायला परत येणार आहेत. रविवारी, सहा एप्रिलला, सकाळी नऊ वाजता येतो म्हणालेत.

तुझी आई